सांताक्रूझ ते बोरीबंदर : दुपारी तीन ते पाच

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या इमारतीत रेल्वेचं एक छोटं वारसा संग्रहालय आहे. रोज तिथून लाखो माणसं ये-जा करतात, पण आपण त्या दालनापासून पन्नास-शंभर पावलांवरून गेलो हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. त्यांना दोष देता येत नाही. संग्रहालयाची वेळ गेली कित्येक वर्षं सोमवार ते शुक्रवार, दुपारी ३ ते ५ अशी राहिली आहे. त्या वेळी नोकरदार कचेरीत असतो, मुलं शाळेत असतात आणि ज्यांना वेळ आहे ती वयस्कर मंडळी गर्दीच्या धास्तीने घराबाहेर पडत नाहीत. शनिवार-रविवारी जाऊ म्हणणाऱ्याचं जाणं कायमचं राहून जातं.

म्हणूनच हा लेख दिवाळी अंकात लिहितो आहे. दिवाळीच्या सुट्टीत आठवड्याच्या मधल्या वारीही मुलं घरी असतात. घरात एखादे निवृत्त आजोबा, एखादी मोकळी आत्या किंवा रजा शिल्लक असलेले आई-बाबा असतील, तर ही दुपार जुळून येते. जायचं मात्र नीट आखून. दोन तासांचं दालन पाहायला नुसतं दोन तासांसाठी गेलं, तर माणूस काचेतल्या वस्तू बघून, चार फोटो काढून परत येतो.

आमच्या सांताक्रूझकरांना या बाबतीत एक भाग्य लाभलं आहे. बोरीबंदरला, म्हणजे सीएसएमटीला, जायचं म्हटलं की इथला माणूस सवयीने चर्चगेटची गाडी पकडतो आणि पुढे टॅक्सी करतो किंवा चालत जातो. ते जलद पडतं यात शंका नाही. पण सांताक्रूझला हार्बरची गाडीही थांबते. गोरेगावहून सीएसएमटीला जाणारी ती लोकल कुठेही न बदलता आपल्याला थेट संग्रहालयाच्या दारात नेऊन सोडते. वेळ जास्त लागतो, डुलत डुलत जाते, मधली स्टेशनं बरीच आहेत. तरीही या सहलीसाठी तिचाच आग्रह धरा, कारण त्या गाडीखालचे रूळ हेच या सहलीतलं पहिलं दालन आहे.

दुपारी सव्वाच्या सुमारास निघालं की गाडीत बसायला जागा मिळते. जमलं तर सगळ्यात मागच्या डब्यात चढा. गार्डला २०२२ पासून रेल्वेने ‘ट्रेन मॅनेजर’ असं नाव दिलं आहे, पण आमच्या तोंडी अजून गार्डच आहे. मागच्या डब्यात कान देऊन बसलं की प्रत्येक स्टेशनवर गाडी सुटण्याआधी घंटेचे दोन ठोके ऐकू येतात. दोन ठोके म्हणजे ‘सोड’, एक ठोका म्हणजे ‘थांब’. पुढे मोटरमन असतो, मागे गार्ड, मधे हजारो माणसं. आणि या दोघांची रोजची बोलाचाली अशी ठोक्यांत चालते. मुलांना हे आधी सांगून ठेवलं तर ती खारपासूनच मोजायला लागतात.

वांद्रे, माहीम झालं की गाडी पूर्वेकडे वळते, मध्य रेल्वेचे मुख्य रूळ ओलांडते आणि किंग्ज सर्कल करून वडाळ्याला येते. इथे कुर्ल्याकडून आलेली मूळ हार्बर लाइन आपल्या रुळांना मिळते. इथून पुढचं प्रत्येक स्टेशन मुंबईच्या बंदराने जन्माला घातलेलं आहे. कुर्ला ते रे रोड हा टप्पा १२ डिसेंबर १९१० रोजी सुरू झाला. तेव्हा ही लाइन बोरीबंदरपर्यंत पोचतच नव्हती. शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड या स्टेशनांच्या भोवती अजूनही गोदामांच्या लांबच लांब भिंती आणि बंद शेड दिसतात. कॉटन ग्रीनला कापूस बाजाराची भव्य इमारत आहे. डॉकयार्ड रोडनंतर गाडी वर चढते आणि घरांच्या वरच्या मजल्यांच्या बरोबरीने धावू लागते. खाली दाटीवाटीची वस्ती होती, जमिनीवर रूळ टाकायला जागा उरली नव्हती, म्हणून ही लाइन उंचावरून नेली. सँडहर्स्ट रोडला त्यामुळेच मध्य रेल्वेचे फलाट खाली आणि हार्बरचे वर आहेत. त्या पुलावरून खिडकीबाहेर पाहिलं तर वाळत घातलेले कपडे, कबुतरांच्या ढाबळी, जुन्या चाळींची लाकडी नक्षी हाताला लागेल इतकी जवळ येते.

ही उन्नत जोडणी झाली आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी भारतातली पहिली विजेवर चालणारी रेल्वे याच हार्बर मार्गावरून धावली. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, गाडीला चार डबे होते. तारेत दीड हजार व्होल्टचा डी.सी. प्रवाह होता. आपल्या पश्चिमेच्या बाजूला, कुलाबा ते बोरिवली, वीज आली ती ५ जानेवारी १९२८ रोजी. म्हणजे सांताक्रूझच्या माणसाला विजेच्या लोकलसाठी आणखी तीन वर्षं थांबावं लागलं. पुढे देशभर पंचवीस हजार व्होल्टचा ए.सी. प्रवाह आला, तरी मुंबईत डी.सी. टिकून राहिला. शेवटी पश्चिम मार्ग बदलला, मध्य बदलला आणि सगळ्यांत अखेर हार्बर. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री डी.सी. वरची शेवटची लोकल धावली तीही कुर्ल्याहून सीएसएमटीकडे, याच रुळांवरून. ज्या मार्गावर एक युग सुरू झालं त्याच मार्गावर एक्क्याण्णव वर्षांनी ते संपलं. या गोष्टीचा फलक रे रोडच्या फलाटावर असायला हवा होता असं मला मनापासून वाटतं. तो होईपर्यंत ही कथा आपणच खिडकीशी बसलेल्या मुलाला सांगायची.

आमच्या सोसायटीतले एक काका या सहलीत माझ्याबरोबर होते. उमेदीची वर्षं त्यांनी पुणे-मिरज मार्गावर, तो एकेरी होता तेव्हा, लहान स्टेशनांवर स्टेशन मास्तर म्हणून काढली. मशीद स्टेशन गेलं तसे ते खिडकीशी सरकून बसले आणि म्हणाले, “उतरल्यावर लगेच आत नका नेऊ पोरांना. आधी बाहेरून दाखवा. ही इमारत बाहेरून वाचायची असते.”

त्यांचं म्हणणं खरं आहे. हार्बरच्या फलाटावरून सरळ रस्त्यावर या, समोरच्या फुटपाथवर जा आणि तिथून मागे वळून बघा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुकाराने आखलेल्या या इमारतीचं काम १८७८ साली सुरू झालं आणि दहा वर्षांनी, १८८८ मध्ये पुरं झालं. खर्च सुमारे १६ लाख १४ हजार रुपये. मधल्या घुमटावर ‘प्रगती’ची मूर्ती उभी आहे, तिच्या उजव्या हातात पेटती मशाल आणि डाव्या हातात आऱ्यांचं चाक. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. मग नजर हळूहळू खाली आणायची. दगडी पानाफुलांतून माकडं, पक्षी, सरडे-पाली डोकावतात. पावसाचं पाणी बाहेर टाकणारी जनावरांची तोंडं भिंतीतून पुढे आलेली आहेत. हे कोरीवकाम करण्यात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. शिल्पांची नावं मिळतात, संचालकांची मिळतात, त्या पोरांची सहसा मिळत नाहीत.

दर्शनी भिंतीवर ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी. आय. पी.) रेल्वे कंपनीशी निगडित माणसांचे अर्धपुतळे बसवले आहेत. त्यांत दोन भारतीय चेहरे आहेत : जगन्नाथ शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभाई. मुलांना तो शंकरशेटांचा चेहरा शोधायला सांगा. मुरबाडच्या या माणसाने रेल्वे कंपनी स्थापन होण्याच्या कितीतरी आधी, १८४५ सालापासून, मुंबईत रेल्वे यावी म्हणून खटपट केली. कंपनी १८४९ मध्ये झाली आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. चौदा डबे, सुमारे ४०० निमंत्रित, ३४ किलोमीटरचं अंतर, २१ तोफांची सलामी आणि साहिब, सिंध, सुलतान अशी नावं असलेली तीन इंजिनं. त्या वेळी ही इमारत नव्हती, साधं लाकडी स्टेशन होतं. गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये छापलं गेलं तेव्हा आगगाडी दहा वर्षांची झाली होती आणि त्याच वर्षी ती भोर घाट चढून गेली.

आत शिरल्यावर तिकीट खिडक्यांचं दालन पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याला स्टार चेंबर म्हणतात. इटालियन संगमरवर आणि घासून चकाकी आणलेला आपला निळसर दगड यांचे खांब, वर टोकदार कमानी, छतावर सोनेरी तारे. लोक तिथे पासाच्या रांगेत उभे असतात आणि वर बघत नाहीत. मला या गोष्टीचं नेहमी कौतुक वाटतं की जागतिक वारशाचा मान मिळालेली ही वास्तू (युनेस्कोने तो २ जुलै २००४ रोजी दिला) कुलूप लावून ठेवलेली नाही. तिथे अजूनही तिकीट विकलं जातं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री याच स्टेशनात पन्नासहून अधिक माणसं मारली गेली, आणि उद्घोषक विष्णू झेंडे यांनी माइकवरून प्रवाशांना सतत बाहेरची वाट सांगत असंख्य जीव वाचवले. हे मुलांना सांगावं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं, मी सांगतो.

संग्रहालय तळमजल्यावर आहे. तिकीट काढावं लागतं, विद्यार्थ्यांना सवलत असते आणि माहिती द्यायला माणूस बरोबर येतो. सध्या स्टेशनच्या पुनर्विकासाचं काम सुरू असल्याने निघण्यापूर्वी मध्य रेल्वेकडे वेळेची खात्री करून घ्या, आणि ओळखपत्र जवळ ठेवा. मधल्या घुमटाखालचा जिना पाहायची परवानगी असेल तर तो अजिबात चुकवू नका. त्या जिन्याच्या पायऱ्या एका बाजूने भिंतीत रोवलेल्या आहेत आणि दुसऱ्या बाजूला त्यांना खालून खांबाचा आधार नाही. वर पाहिलं की आठ फासळ्यांचा दगडी घुमट आणि रंगीत काचांतून उतरणारा उजेड. दुपारची वेळ अडचणीची म्हणून आपण कुरकुरतो, पण पश्चिमेकडे कललेलं ऊन याच वेळी त्या काचांवर येतं.

दालनात जुनी छायाचित्रं आहेत, इमारतीचे नकाशे आहेत, घड्याळं, हातदिवे, भांडी, इंजिनांच्या छोट्या प्रतिकृती आहेत. सगळं पाहायला जाऊ नका. दोन वस्तू निवडा आणि त्यांच्यापाशी थांबा. कुठल्याही रेल्वे संग्रहालयात हे धोरण उपयोगी पडतं.

माझी पहिली वस्तू म्हणजे पुठ्ठ्याचं तिकीट. चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाने ते हातात धरलेलं आहे : जेमतेम सव्वादोन इंच लांब, सव्वा इंचाहून थोडं कमी रुंद, जाड, कडक. थॉमस एडमंडसन नावाच्या एका इंग्रज स्टेशन मास्तराने १८३० च्या दशकाच्या अखेरीस ते शोधून काढलं. त्याआधी कारकून प्रत्येक प्रवाशासाठी हाताने चिठ्ठी लिहून देत असे. एडमंडसनच्या तिकिटाचं मर्म पुठ्ठ्यात नव्हतं, त्यावरच्या क्रमांकात होतं. प्रत्येक ठिकाणच्या तिकिटांची वेगळी चळत, क्रमाने लावलेली. संध्याकाळी कारकुनाने वरच्या तिकिटाचा आकडा बघायचा, सकाळचा आकडा वजा करायचा, भाड्याने गुणायचं; दिवसाचा हिशेब पुरा. तारीख उठवणाऱ्या लोखंडी यंत्रात तिकीट सरकवलं की ठक्क असा आवाज यायचा. दीडशे वर्षं जगभरच्या रेल्वेचा पैसा या चिमुकल्या पुठ्ठ्याच्या भरवशावर जमा झाला.

दुसरी वस्तू मी निवडली नव्हती, ती काकांनी निवडली. रेल्वेच्या संग्रहालयांत एकेरी मार्गावरची टोकन यंत्रं आणि त्यांचे गोळे नेहमी ठेवलेले असतात. माणसं ते लोखंडी पेटाऱ्यासारखं यंत्र एकदा बघून पुढे जातात, कारण खालच्या पट्टीवरच्या दोन ओळींतून काही कळत नाही. काकांनी मुलांना जवळ बोलावलं.

“हे बघ. माझं स्टेशन इकडे, पुढचं तिकडे. मधे एकच रूळ. दोन्हीकडून गाड्या सोडल्या तर काय होईल?”

“धडकतील.”

“म्हणून माझ्याकडे हे यंत्र, तसंच तिकडच्या मास्तराकडे. दोन्ही तारेने जोडलेली. मला गाडी सोडायची असेल तर मी घंटा देऊन त्याला विचारणार, लाइन क्लिअर आहे का? त्याने त्याच्याकडून होकार दिला तरच माझ्या यंत्रातून गोळा बाहेर पडणार. माझी मर्जी चालत नाही, त्याचीही एकट्याची चालत नाही. एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा निघत नाही, ना माझ्याकडून, ना त्याच्याकडून.”

“मग गोळ्याचं काय करायचं?”

“पिशवीत घालून, पिशवीला मोठी कडी असते तिच्यासकट ड्रायव्हरला द्यायचा. गाडी थांबणार नसेल तर पोर्टर कडी वर धरून फलाटाच्या कडेला उभा राहायचा, आणि वरचा माणूस धावत्या इंजिनातून हात घालून ती उचलायचा. पावसात, रात्री, हातात कंदील घेऊन. तो गोळा हातात आला नाही तर ड्रायव्हर एक पाऊल पुढे जाणार नाही.” मग काचेवर बोट ठेवून ते म्हणाले, “कधी रात्री पाऊस फार असला आणि गाडी पुढच्या स्टेशनला पोचल्याची घंटा आली नाही, तर झोप यायची नाही हो आम्हाला.”

मुलं गप्प झाली होती. दालनातली आणखी दोन-तीन माणसंही येऊन उभी राहिली. त्या वेळी माझं मत पक्कं झालं. छोट्या रेल्वे संग्रहालयाची सहल आखताना तिकीट, वेळ, गाडी हे सगळं ओघाने येतं. पहिली तयारी म्हणजे आपल्या ओळखीतल्या एखाद्या रेल्वेवाल्याला सोबत नेणं. मोटरमन असेल तर तो डेडमॅन हँडलबद्दल सांगेल : गाडी चालवताना ते सतत दाबून धरावं लागतं, हात सुटला की ब्रेक लागतात. लोको शेडमधला असेल तर घाट चढवणाऱ्या ‘खेकडा’ इंजिनाबद्दल बोलेल, जे उभं असताना कण्हल्यासारखा आवाज काढायचं. या वस्तू ज्यांनी हाताळल्या ती माणसं अजून आपल्यात आहेत. आणखी वीस वर्षांनी ही सोय राहणार नाही.

तीच हानी याआधी एकदा झालेली आहे. भोर घाटाचं काम चालू असताना ऐन भरात, १८६१ च्या सुमारास, ४० हजारांहून अधिक मजूर तिथे राबत होते. अभियंता जेम्स बर्कली यांचं नाव इतिहासात आहे. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे पोचताच आजाराने गेला आणि त्याची पत्नी अॅलिस हिने तो ठेका निभावून नेला, हेही नोंदलेलं आहे आणि ते नोंदण्याजोगंच आहे. पण पटकी, हिवताप आणि सुरुंगांनी जे हजारो मेले, त्यांच्यातल्या एकाचंही म्हणणं कुठे उतरवून घेतलेलं नाही. ते आता कुठल्याही पेटीत सापडायचं नाही.

पाच वाजता बाहेर पडल्यावर समोरच्या ‘आराम’ उपाहारगृहात वडापाव खा आणि परतीला हार्बर धरू नका. म्हणूनच जाताना परतीचं तिकीट काढायचं नाही, एकेरीच काढायचं. बोरीबंदरसमोरची महापालिकेची इमारत स्टीव्हन्सचीच, १८९३ मध्ये पुरी झालेली. तिथून हुतात्मा चौकावरून चालत चर्चगेटला गेलं की स्टेशनसमोर पश्चिम रेल्वेचं मुख्यालय उभं आहे, तेही त्याचंच, १८९९ चं. एका वास्तुकाराच्या तीन इमारती एका संध्याकाळी पाहून होतात. पुढे चर्चगेटहून धीमी गाडी पकडायची. बहुतेक जलद गाड्या सांताक्रूझला थांबत नाहीत, आणि गर्दीच्या वेळी मुलं व म्हातारी माणसं घेऊन उलटं यायची वेळ कुणावर येऊ नये.

ज्यांना आणखी पाहायचं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आणिक आगारात बेस्टचं संग्रहालय आहे. १८७४ च्या घोड्यांच्या ट्रामपासून ३१ मार्च १९६४ रोजी धावलेल्या शेवटच्या ट्रामपर्यंतचा काळ तिथे भेटतो. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. ते चालतं-बोलतं आहे, लहान मुलांना सगळ्यांत आधी तिथेच न्यावं. नागपूरच्या मोतीबाग इथलं नॅरो गेज संग्रहालय डिसेंबर २००२ मध्ये सुरू झालं. बार्शी लाइट रेल्वेसाठी मात्र तिच्या तोडीचं काही उभं राहिलेलं माझ्या पाहण्यात नाही, याची खंत वाटते. एव्हरर्ड कॅलथ्रॉपने १८९७ मध्ये सुरू केलेली ती अडीच फुटी गाडी पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली आणि तिने पिढ्यान् पिढ्या वारकरी वाहून नेले.

देशाचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय दिल्लीत आहे, १९७७ पासून. ज्या शहरातून पहिली गाडी सुटली त्या शहराकडे एक दालन आणि दुपारचे दोन तास एवढंच आहे. मुंबईला मोठं, रविवारी उघडं असणारं रेल्वे संग्रहालय हवं, आणि ही मागणी रेल्वे प्रवासी संघटनांनी लावून धरावी. तोपर्यंत एक काम आपल्या हातात आहे. परळ, कल्याण, भुसावळ, दौंड, मिरज इथल्या रेल्वे वसाहतींतून वाढलेली कितीतरी कुटुंबं आज वाकोला-सांताक्रूझपासून विरारपर्यंत पसरली आहेत. माळ्यावर कुणाच्या घरी हातदिवा आहे, कुणाकडे पितळी बिल्ला, शिट्टी, जुनं नियमांचं पुस्तक. मोडीत घालण्याआधी ते संग्रहालयाला दाखवा. आणि ज्यांनी ते वापरलं त्यांना या दिवाळीत समोर बसवून, मोबाइलवर ध्वनिमुद्रण लावून विचारा : तुमची ड्यूटी कशी असायची?